त्याचं होऊ द्या

बाईंच्या इंग्रजीच्या वर्गात ‘हिम’ म्हणजे कोण, हे पहिल्याच दिवशी ठरवून दिलेलं असे. खिडकीजवळची वेताची खुर्ची म्हणजे ‘हिम’. त्या खुर्चीवर कुणीही बसत नसे.

बाई याचं कारण अगदी शास्त्रोक्त सांगत. “सर्वनाम हवेत सोडायचं नाही. आधी माणूस नेमायचा, मग त्याला ‘तो’ म्हणायचं.” त्याप्रमाणे ‘यू’ म्हणजे आपल्या शेजारचा आणि ‘देम’ म्हणजे भिंतीला टेकून बसलेली मागची रांग. आम्ही बारा-चौदा जण त्या खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. इतकी माणसं असताना ‘हिम’साठी रिकामी खुर्ची कशाला, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. आणि ‘हर’ तर त्या वर्गात नव्हतंच. दोन वर्षांत बाईंच्या तोंडून मी ते सर्वनाम ऐकलं नाही. मुलींना वाटे, बाई जुन्या वळणाच्या आहेत.

मलकपेठेत रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत, तळमजल्याच्या पुढच्या खोलीत बाई इंग्रजी बोलायला शिकवत. वेळ सकाळी साडेसहाची. तेव्हा घोड्यांना फिरवून आणत आणि टापांचा आवाज खोलीत येई. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. इरकली साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि समोर टेबलावर एक जाडजूड टेपरेकॉर्डर. आमच्यात नर्सिंगवाल्या मुली होत्या, नामपल्लीच्या हॉटेलांतले मॅनेजर होते, आणि माझ्यासारखे, इंजिनियर होऊनही चार वाक्यं नीट बोलता न येणारे होते. माझे वडील सरकारी कचेरीत होते. घरात मराठी, बाहेर दखनी, बसमध्ये तेलुगू, अशा तीन भाषा मला फुकटात मिळालेल्या. चौथी मात्र काही केल्या जिभेवर बसत नव्हती. बाईंकडे यायच्या आधी मी तीन मुलाखतींत नापास झालो होतो.

बाईंची शिकवण्याची पद्धत एकच. क्रियापद घ्यायचं, त्याला कर्म द्यायचं, आणि मग ते पुढे कुणाकडे जातं ते बघायचं. “प्रत्येक क्रियापदाचं एक सासर असतंय,” त्या म्हणत. “रिमाइंड ‘ऑफ’च्या घरी नांदतं, एक्स्प्लेन ‘टू’च्या घरी. भलत्या घरी धाडलंत की रडत परत येतंय.” वाक्य नुसतं म्हणायचं नाही, करायचं. ‘गिव्ह इट टू हिम’ म्हटलं की उठून हातातली वस्तू त्या खुर्चीवर ठेवायची. ‘पुट इट बिसाइड हिम’ म्हटलं की खुर्चीच्या बाजूला जमिनीवर. ‘टेक इट फ्रॉम हिम’ म्हटलं की परत उचलायची. वाक्याआधी टेबलावर किंवा मांडीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची, हा आणखी एक नियम. टकटक नाही, तर वाक्य मोजलं जाणार नाही.

एकदा ‘टेक इट फ्रॉम हिम’ माझ्या वाट्याला आलं. खुर्चीवर बाईंच्या चष्म्याची पत्र्याची डबी होती. मी ती उचलली, तर ती गरम होती. कुणीतरी खिशातून काढून दिल्यासारखी. खिडकीतून ऊन पडत असेल, असं मी तेव्हा मनाला सांगितलं आणि बरीच वर्षं सांगत राहिलो. ती खिडकी पश्चिमेची होती.

नर्सिंगवाल्या मुलींपैकी एक नवीन मुलगी एका सकाळी उशिरा आली. जागा नाही म्हणून ती सरळ त्या खुर्चीवर बसली. आम्ही सगळे बाईंकडे बघायला लागलो. बाई रागावल्या नाहीत. वहीतून मान वर करून हळू आवाजात म्हणाल्या, “उठ जा बेटा. वो खडा है.”

मुलगी उठली. तिने खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. “मॅडम, उदर तो कोई नै.”

“हौ. अब बैठ गया,” बाई म्हणाल्या आणि पान उलटलं. ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

त्या खुर्चीची वीण दर दोन वर्षांनी नवी करावी लागे. एकदा मी असताना विणकर आला होता. खोलगट झालेल्या बैठकीवर हात फिरवून तो म्हणाला, “इसपे बहुत बैठते क्या अम्मा?” बाई म्हणाल्या, “रोज.” त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

खरी गंमत टेपची होती. गंमत हा शब्द मी आज वापरतोय. बाईंनी स्वतःच्या आवाजात सहा कॅसेटी भरून ठेवलेल्या होत्या. टेपमधल्या बाई तरुण होत्या, आवाज खणखणीत. त्या एक वाक्य म्हणायच्या, मग आपण म्हणायला मोकळी जागा, मग पुढचं वाक्य. सगळ्या टेपांत असंच असतं, पण बाईंच्या टेपमधली जागा फार मोठी होती. आम्ही तेरा जण ओरडून तीन सेकंदांत मोकळे व्हायचो आणि टेप गप्पच. नुसती खरखर. त्यात मागे घोड्यांच्या टापा. टेपमधले घोडे कुठले आणि बाहेरचे कुठले, हे कळायचं नाही. कुणी कुजबुजायला लागलं की बाई बोट वर करत. “होऊ द्या. त्याचं होऊ द्या.” बाकीच्यांना समजावं म्हणून परत म्हणत, “उसका होने दो.” आणि खुर्चीकडे मान जराशी कलती करून ऐकत बसत.

आम्हाला वाटायचं, टेपचं होऊ द्या म्हणताहेत.

दुसऱ्या कॅसेटमध्ये एक जागा होती. ‘एक्स्प्लेन इट टू हिम’ असं वाक्य यायचं, आम्ही ते बरोबर म्हणायचो, मग ती लांबलचक खरखर, आणि टेपमधल्या बाई म्हणायच्या, “नो. अगेन. स्लोली.” कुणाचं काय चुकलं, ते आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही मुकाट्याने परत म्हणायचो. परत खरखर. आणि मग अगदी हलक्या आवाजात, सगळ्या इंग्रजी टेपमधला एकुलता एक मराठी शब्द: “शाब्बास.” तो शब्द आपल्यासाठी नाही, एवढं आम्हा सगळ्यांना कळायचं. कुणी कुणाकडे बघत नसे.

पण मला शिकवलं त्यांनी, हे खरं. चौथ्या मुलाखतीत मी बोलायच्या आधी सवयीने टेबलावर दोनदा टकटक केली. समोरचे तिघेही दाराकडे बघायला लागले, कोण आलं म्हणून. कुणीच आलं नव्हतं. तेवढ्या वेळात माझं वाक्य जुळलं आणि नोकरी लागली. आजही मीटिंगमध्ये माझी टकटक होते आणि कुणीतरी दाराकडे बघतंच. आज माझ्या घरात जे काही आहे, ते त्या खोलीतून आलेलं आहे. पुढची गोष्ट सांगताना म्हणूनच लाज वाटते.

कंपनीत माझं काम आहे शांतता कापायचं. गिऱ्हाइकांच्या फोनची जी रेकॉर्डिंग होतात, त्यांतल्या रिकाम्या जागा ओळखून काढून टाकणारा प्रोग्रॅम मी लिहिला. चाळीस मिनिटांचा फोन बारा मिनिटांत तपासता येतो. त्याबद्दल मला बढतीही मिळाली. मी कुठे लग्नाला गेलो आणि कुणी लांबलचक भाषण करायला लागलं, की बायको म्हणते, “लावा तुमची कात्री.”

दोनेक वर्षांपूर्वी बाईंचा फोन आला. “टेप घसरायलीय रे. पोरं म्हणतात फोनवर घाला. तुला येतंय का?”

मला येत होतंच. मी गेलो. बाई पंचाहत्तरीच्या पुढे गेलेल्या, बूट तेच. त्यांनी सहा कॅसेटी जुन्या रुमालात बांधून दिल्या. माझा हात रुमालावर आला तरी त्यांनी गाठ सोडली नाही. “सगळं घे हं. काही सोडू नको.”

“बाई, माझं कामच ते आहे,” मी म्हणालो.

बाईंचा टेपरेकॉर्डर फिती चावायला लागला होता, आणि टेप वाजवायचं दुसरं यंत्र आता कुणाकडे असतं? बेगम बाजारच्या एका बोळात एक म्हातारा दुरुस्तीवाला सापडला. त्याने कॅसेट उघडून फितीवर नख फिरवलं. नखावर तपकिरी भुकटी आली. “मसाला निकल रा, साब. एक बार चलेगा. दूसरी बार की बात नक्को करो.” त्याने यंत्र दिलं, मी घरी आणून कॉम्प्युटरला जोडलं.

एकदाच वाजणार, म्हणजे काम चोख व्हायला पाहिजे. म्हणून मी माझा प्रोग्रॅम लावला. आवाज असेल तेवढाच घ्यायचा, खरखर आणि रिकामी जागा तिथल्या तिथे टाकून द्यायची. आधी सगळं भरून घ्यावं आणि मग कापावं, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण रोज हजारो फोन मी असेच घेतो आणि आजवर एकाही शांततेबद्दल कुणाची तक्रार आलेली नाही. सहा कॅसेटी संपल्या तेव्हा यंत्राखाली तपकिरी भुकटीचा ढीग पडला होता. सहा तासांचा ऐवज तासाभरात बसला. मी खूश. बायकोने जाता जाता ऐकलं आणि म्हणाली, “ही बाई श्वास घेते की नाही?”

रविवारी सकाळी मी फोनमध्ये सगळं घालून बाईंना दिलं. त्यांनी तो कानाला लावला. गिव्ह इट टू हिम, टेक इट फ्रॉम हिम, पुट इट बिसाइड हिम, रिमाइंड हिम ऑफ इट. एकामागून एक, दम न घेता. बाईंचं डोकं खुर्चीच्या बाजूला कललं, तसंच राहिलं, आणि मग हळूहळू सरळ झालं.

“किती घाईत बोलायलेय रे मी,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, “तो कुठंय?”

“कोण, बाई?”

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि मला सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणालाच सांगितलं नसावं, कारण त्या शोधून शोधून बोलत होत्या.

त्यांचा धाकटा भाऊ तोतरा होता. हुशार होता, पण तोंड उघडलं की अडायचा. इंग्रजीत तर फारच. मुलाखतीसाठी म्हणून बाईंनी त्याला वाक्यं घोटवून घेतली. बोलायच्या आधी दोनदा टकटक केली की त्याचा शब्द सुटायचा, हे त्यांनीच शोधून काढलं. तो त्या खुर्चीत बसायचा. एकट्याने सराव करता यावा म्हणून त्या सराव चालू असतानाच टेप करून ठेवत. माईक त्यांच्या बाजूला, म्हणून त्याचा आवाज अगदी बारीक आलेला. सहा कॅसेटी भरल्या तेव्हा मुलाखतीचं पत्र आलं. बाईंनी त्याला नामपल्ली स्टेशनवर गाडीत बसवून दिलं. गाडी मुक्कामाला पोचली. तो पोचला नाही. पोलीस, पेपरातले फोटो, सगळं झालं. मेला असं कुणी सांगितलं नाही आणि जिवंत आहे असंही कुणी सांगितलं नाही.

“तुम्ही सगळे ओरडायचात,” बाई म्हणाल्या. “तुमचं झालं की मग त्याचं ऐकू यायचं. आधी टकटक, मग वाक्य. म्हणून मी तुम्हाला गप्प बसवायची.”

त्याचा आवाज माझ्या प्रोग्रॅमच्या हिशोबात खरखरीपेक्षा मोठा नव्हता. चाळीस वर्षं त्या बाईने जपलेला माणूस मी एका संध्याकाळी टाकून दिला होता, आणि वर खूश झालो होतो.

खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “बाई, घरी आहे सगळं. चुकून दुसरी फाइल आणली. आठ दिवसांत देतो.”

घरी येऊन मी कॅसेटी परत लावल्या. चार तर फिरल्याच नाहीत. एक फाटली. एकीत वाऱ्यासारखा आवाज होता, बाकी काही नाही. बेगम बाजारचा म्हातारा म्हणाला, “मैं बोला था ना साब.” मग मला जे येतं ते मी केलं. प्रत्येक वाक्यानंतर कोरी जागा घातली, पंधरा पंधरा सेकंदांची. त्यात काहीही नव्हतं. खरखरही नाही. कॉम्प्युटरवर तिथे सरळ रेघ दिसते, शून्याची.

ते घेऊन मी गेलो. “सापडलं बाई,” म्हणालो. त्यांनी फोन टेबलावर उभा केला. गिव्ह इट टू हिम. मग ती जागा. त्या खोलीत मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. बाईंची मान कलली. पाच सेकंद, दहा सेकंद. त्यांचे ओठ किंचित हलले आणि त्यांनी मान डोलावली. पुढचं वाक्य. परत मान डोलावली. मग दुसरी कॅसेट, एक्स्प्लेन इट टू हिम. बाईंचे डोळे एकदम मोठे झाले. टेपमधला आवाज “नो, अगेन” म्हणायच्या आत त्यांनी फोन बंद केला.

“बाई, ऐकू येतंय ना?” मी विचारलं.

“हौ,” बाई म्हणाल्या. “स्पष्ट.”

मी चहा न घेता निघालो.

त्यानंतर त्याच खोलीत वर्ग पुन्हा चालू झाला, टेपच्या जागी फोन लावून. मी सहा महिने तिकडे फिरकलो नाही. म्हातारीला समाधान आहे, आपल्याला काय, असं म्हणून बघितलं. जमेना. ऑफिसात कुणी बोलता बोलता थांबलं की मला घाम फुटायला लागला. शेवटी एका सकाळी गेलो आणि मागच्या रांगेत ‘देम’मध्ये बसलो. पोरं नवी होती, टकटक तीच. एका पोराने पाण्याची बाटली खुर्चीवर ठेवली. फोन गप्प झाला. “उसका होने दो,” बाई म्हणाल्या, आणि पंधरा सेकंद आम्ही सगळे त्या खुर्चीकडे बघत राहिलो. ‘एक्स्प्लेन’ आलं. शांतता झाली. बाईंनी झटकन बोटाने फोनवर काहीतरी केलं, ते “नो, अगेन” ओलांडलं आणि स्वतःच्याच तोंडाने म्हणाल्या, “शाब्बास.” त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

वर्ग सुटल्यावर मी थांबलो. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. की टेप गेल्या. की त्याचा आवाज मीच टाकला. की त्या जागा कोऱ्या आहेत आणि मी खोटं बोललो.

“माहीत आहे रे,” बाई बुटाची नाडी बांधत म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी कळलं. त्यात घोडे कुठं आहेत?”

मी विचारलं, “मग तुम्ही रोज शाब्बास कुणाला म्हणता?”

बाई सरळ बसल्या. “तुझा राग आला होता. खोटं कशाला बोलू, आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. पण तू ऐक. टेपमध्ये तो ‘एक्स्प्लेन’वर अडायचा. ए-ए-ए करत राहायचा. रोज सकाळी. चाळीस वर्षं मी त्याला त्याच एका शब्दावर अडताना ऐकलं आणि रोज त्याला नो म्हणलं.” त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. “आता अडत नाही.”

बाहेर घोडे चालले होते. खुर्चीवरची पाण्याची बाटली पोरगा विसरून गेला होता, आणि ती परत घ्यायला जायचं मला धैर्य झालं नाही.

“एक काम कर,” बाई म्हणाल्या. “ते ‘नो, अगेन’ तेवढं काढून टाक. मला दर वेळी बोट लावावं लागतंय. बरोबर बोललेल्या माणसाला नो म्हणणं बरं दिसत नाही.”

“काढतो, बाई.”

त्याच दुपारी मी कॉम्प्युटरसमोर बसलो. मिनिटाभराचं काम. ती जागा शोधली, वाक्य वाजलं, आणि पुढे सरळ रेघ सुरू झाली. तिच्यात काही नाही, हे माझ्याइतकं जगात कुणाला माहीत नसेल. ती मीच ओढलेली आहे. ती ओलांडून पुढे जायचं आणि दोन शब्द कापायचे, एवढंच होतं. मी कानाला हेडफोन लावून बसून राहिलो. बायको आत आली आणि काहीतरी विचारायला लागली. माझा हात आपोआप वर गेला.

“काय झालं?” तिने विचारलं.

“थांब,” मी म्हणालो. “त्याचं होऊ दे.”